दोन सूत देवघराकडं

अप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या दुकानातल्या काउंटरखाली शिरलेले होते. मी मागच्या खोलीतून माशांचं खाद्य घेऊन बाहेर आलो तर गिऱ्हाईक कुठं दिसेना, नुसते पांढऱ्या पायजम्यातले दोन पाय बाहेर आलेले. मला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. तेवढ्यात खालून आवाज आला, "मालक, हा काउंटर किती दिवसापासून डुलून राहिला?" माझ्याच पावतीपुस्तकातलं एक पान त्यांनी चौघडी घालून पायाखाली सारलं, उठून हात झटकले आणि शर्टाच्या खिशातून, जिथं बाकीचे लोक पेन लावतात तिथून, बोटाएवढी पाणसळ काढून काउंटरवर ठेवली. आतल्या हिरव्या पाण्यातला बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध येऊन थांबला तेव्हा कुठं ते माझ्याकडं बघून म्हणाले, "हां, आता बोला."

त्यांचं नाव मी सांगणार नाही, आणि सांगून उपयोगही नाही. लातुरात 'अप्पा' म्हणून हाक मारली तर निम्मा बाजार वळून बघतो. हे अप्पा गुत्तेदार होते. चाळीस वर्षं लोकांची घरं बांधून देऊन, सत्तरीच्या आसपास धंदा बंद केलेले. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगावर मांस म्हणून नाही. कसे आहात विचारलं की म्हणायचे, "एक सूत इकडं-तिकडं." सूत म्हणजे गवंड्यांचं माप, इंचाचा आठवा भाग. अप्पांची तब्येत, पाऊसपाणी, सरकार, सुनेचा स्वभाव, सगळं सुतातच मोजलं जायचं.

मी मूळचा धर्माबादचा, दुकान लातुरात. ज्या गावात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही त्या गावात मी काचेच्या पेट्या आणि रंगीत मासे विकायला बसलो होतो. माझ्या वडिलांनी माझ्याबद्दल चार माणसांत बोलणं तेव्हापासूनच सोडलं होतं. पुढं मी दुकान नांदेडला हलवलं, त्याला कारण धंदा होता असं मी सगळ्यांना सांगतो. अर्धं कारण अप्पांचं घर होतं.

अप्पांच्या तऱ्हा किती सांगाव्यात! हॉटेलात चहा आला तरी टेबलाच्या पायाखाली कागद गेल्याशिवाय कपाला हात लावायचे नाहीत. एका लग्नात त्यांनी नवरा-नवरीला खुर्च्यांवरून उठवलं, स्टेजवर पाणसळ ठेवली आणि मांडववाल्याला सगळ्या वऱ्हाडासमोर झापलं. निलंग्याच्या एसटीत मांडीवर पाणसळ घेऊन बसायचे आणि बुडबुडा कुठं किती पळाला यावरून रस्त्याच्या कोणत्या तुकड्यात कोणत्या गुत्तेदारानं किती खाल्लं ते कंडक्टरला नावानिशी सांगायचे. लोक हसायचे. अप्पा नाही हसायचे.

एक तऱ्हा मात्र हसण्यासारखी नव्हती. लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत, खड्ड्यात मांडी घालून बसवतात. ओळखीत कुणी गेलं की अप्पा सगळ्यांच्या आधी त्या खड्ड्यात उतरायचे. बसायची जागा हातानं चाचपायची, पाणसळ ठेवायची आणि खालून ओरडायचं, "डाव्या अंगाला दोन सूत उचला!" वरून मूठभर माती पडायची, ते दाबून बसवायचे, परत बघायचे. वर उभे असलेले नातेवाईक रडायचे थांबून वाट बघत राहायचे. "कायमचं बसायचं हाय," अप्पा म्हणायचे, "माणसाला वाकडं कसं बसवावं?" मी हे एकदा पाहिलंय. बाहेर येताना त्यांनी वर केलेला हात मी धरून ओढला. एप्रिलच्या भर उन्हात तो हात गारगार होता.

तर त्या पहिल्या दिवशी काउंटर सरळ झाल्यावर अप्पा म्हणाले, "सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. अशी पेटी पाहिजे."

एवढी मोठी ऑर्डर मला तोपर्यंत आली नव्हती. मी हुरळून विचारलं, "मासे कोणते सोडायचे?"

"मासे तुमच्या मरजीनं. मला पाणी पाहिजे."

मग ते स्टुलावर बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "घरी आमची मंडळी म्हणती, घर कललंय. सहा महिने झाले, एकच धोशा. चालताना भिंतीला हात लावून चालती. डागदर म्हणला कानाचं असंल, मानेचं असंल. सगळ्या तपासण्या झाल्या, काही न्हाई. घर मी स्वतः बांधलंय. एक एक थर माझ्या हाताखालनं गेलाय. सहा फुटाचं पाणी रोज डोळ्यापुढं राहिलं म्हणजे तिची खात्री पटंल."

"तुमची पाणसळ आहे की," मी म्हणालो.

"ती माझ्या खिशातली हाय. तिच्यावर तिचा इश्वास न्हाई."

गल्लीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. लिंगायताच्या घरात मासे! शेजारचे लोक दारावरून जाताना हाक मारायचे, "अप्पा, रस्सा कवा हाय?" आणि टँकरचं पाणी पेटीत ओतलेलं पाहून बायका उघड बोलायच्या. अप्पांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. देवघर आणि पेटी एकाच हॉलमध्ये, देवघर एका टोकाच्या कोपऱ्यात, दार दुसऱ्या टोकाला आणि मधल्या लांब भिंतीला पेटी. अप्पांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, खुर्ची बरोबर समोर. ही मांडणी अप्पांनी आधीच खडूनं फरशीवर आखून ठेवली होती.

मोठी पेटी बसवणं म्हणजे निम्मं गवंडीकामच असतं. फरशी कधीच सरळ नसते. खाली लोखंडी स्टँड, त्यावर थर्माकोल, त्यावर काच. स्टँडच्या पायांखाली पत्र्याच्या पट्ट्या घालून काय तो सारखेपणा आणायचा. काचेखाली कधीच पट्टी घालायची नाही, नाहीतर काच एका बाजूनं ताण घेते आणि एखाद्या दिवशी कोपऱ्यातून फुटते. मग निम्मं पाणी भरायचं, एक दिवस थांबायचं, काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर दोन्ही टोकांना मोजायचं आणि मगच पूर्ण भरायचं. मी पारदर्शक नळीत पाणी घेऊन फरशी तपासली, तर सहा फुटांत दीड सूत उतार निघाला, देवघराकडं. अप्पांनी नळी माझ्या हातातून घेऊन तीन वेळा मोजलं. "फरशीवाल्यानं घाण केली," ते म्हणाले. दीड सूत म्हणजे काही विशेष नव्हे, मीही मान हलवली.

त्याच वेळी काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, एक हात चौकटीला. आवाज फार गोड होता त्यांचा. मला म्हणाल्या, "लेकरा, भरल्यावर वजन कितीचं होतंय?"

"नऊशे किलोच्या घरात जाईल, काकू."

"मग त्याला बी कळंल," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. कुणाला, ते मी विचारलं नाही. अप्पा पट्ट्या मोजण्यात गढले होते, किंवा तसं दाखवत होते.

बारा गोल्डफिश सोडले. पाणी दोन्ही टोकांना काठाखाली बरोबर तीन बोटं. अप्पांनी काकूंना खुर्चीत बसवून अंतर दाखवलं, आणि काकू पुष्कळ वेळ बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, पण सुटका होती. "मग माझंच चुकलं असंल," त्या म्हणाल्या. अप्पांनी मला त्या दिवशी गूळ-शेंगदाणे, चहा, परत चहा, असं दोन तास सोडलं नाही.

आठव्या दिवशी त्यांचा फोन आला. "मालक, दुपारी दोनच्या पुढं या. बेल वाजवू नका."

दुपारी दोन ते चार काकू झोपायच्या. मी गेलो तर अप्पा दारातच उभे. मला हाताला धरून पेटीकडं नेलं आणि मोजपट्टी हातात दिली. दाराकडच्या टोकाला तीन बोटं होती, देवघराकडं त्याहून कमी. दोन सूत फरक. मी म्हणालो, नवीन स्टँड आहे, बसायला वेळ लागतो. आम्ही निम्मं पाणी ड्रममध्ये काढलं, ट्रकचा जॅक लावून पाय उचलला, पट्टी सरकवली, पाणी परत भरलं. चारला दहा मिनिटं कमी होती. काकू उठून आल्या तेव्हा पाणी सरळ होतं आणि अप्पा पेपर वाचत होते.

मग हे दर आठवड्याला व्हायला लागलं. अप्पांनी स्टँडला खालपर्यंत निळ्या कापडाचा पडदा शिवून घेतला, पट्ट्या दिसू नयेत म्हणून. लोकांना सांगायचे, धूळ बसती. पुढं पुढं जॅक मारायला ते मला बोलवेनातही, एकटेच करायचे. सत्तरीचा माणूस, दुपारच्या वेळी, घरात सगळं चिडीचूप आणि हा आपल्या बायकोच्या झोपेकडं कान लावून नऊशे किलोची पेटी सुतासुतानं उचलतोय.

एक गोष्ट माझ्या लक्षात उशिरा आली. काकू रोज सकाळी उठल्या उठल्या सांगायच्या, आज घर कुठं आणि किती. चाळीस वर्षं गुत्तेदाराच्या घरात काढलेली बाई, त्यामुळं त्याही सुतात बोलायच्या. "आज दोन सूत देवघराकडं." "आज एकच." अप्पा हसण्यावारी न्यायचे, "पाणी बघ की," म्हणायचे, आणि सूत-दोन सुतांचा फरक खुर्चीतून डोळ्याला दिसायचा नाही. पण मी मोजपट्टी लावून बघितली. एक महिनाभर, अप्पांना सकाळी फोन करून काकू काय म्हणाल्या ते विचारायचं आणि दुपारी जाऊन मोजायचं. कापसानं गच्च भरल्यासारखी त्या हॉलमधली शांतता, आणि मी काचेला गाल लावून अंतर बघतोय. काकू जेवढं म्हणायच्या तेवढंच निघायचं. दोन म्हणाल्या तर दोन. एकदा म्हणाल्या "अडीच" आणि अडीच निघालं. तो दिवस मला आजही आठवतो. मासे बाराच्या बारा देवघराकडच्या कोपऱ्यात एकावर एक दाटीनं उभे होते. मी खाद्य दाराकडच्या टोकाला टाकलं. एकही मासा हलला नाही.

"अप्पा," मी म्हणालो, "काकू बरोबर सांगतायत."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मग पाऊस पडला आणि उतार उलटा झाला. आता देवघराकडची बाजू वर यायला लागली. काकू म्हणायला लागल्या, "आज दाराकडं." त्या वर्षी आजूबाजूच्या गावांत जमिनीखालून गूढ आवाज येत होते, लोक अंगणात झोपत होते, पेपरात रोज काहीतरी छापून येत होतं. मी म्हणालो, आपली काळी माती, पावसात फुगते, उन्हात आवळते, त्यानं होत असेल.

अप्पा जॅकवर हात ठेवून फरशीवर बसले होते. म्हणाले, "काळ्या मातीत घर कसं बांधायचं ते मला शिकवून राहिले का? सगळ्या खोल्यांखालची माती खंदून मुरूम भरलाय. ही एक जागा सोडून." आणि त्यांनी हनुवटीनं देवघर दाखवलं. "इथं आड होता. जुना, दगडी बांधकामाचा. बोअरनं आसपासचं पाणी ओढलं, हा कोरडा पडला. मी बुजवला. आडावर कुणी झोपू नये, चूल मांडू नये, म्हणून देवघर केलं. देवाच्या पायाखाली कसला दोष? सगळेच असं करत्यात."

"मग?"

"मग काय. तिनं तवाच सांगितलं होतं, त्याला इचारून तरी बुजवा. आडाला इचारायचं! मी हसलो. एका दिवसात ट्रॅक्टर लावून मोकळा झालो." त्यांनी जॅकचा दांडा बाजूला ठेवला. "नीट दाबून भरायला आठ दिवस लागले असते. मी ते बी केलं न्हाई."

मी म्हणालो, काकूंना सांगून टाका. माणूस स्वतःवरच संशय घेऊन किती दिवस जगेल?

अप्पांनी तेव्हा जे सांगितलं त्यासाठी मी त्यांच्यावर फार चिडलो होतो. आता तेवढा राग येत नाही. ते म्हणाले, "घर वाकडं हाय म्हणलं की घर सोडावं लागतंय. मग मी बांधलेल्या शंभर घरांतली माणसं मला इचारायला येत्यात, अप्पा, आमचं कसं हाय? तिला वाटून राहिलंय म्हणलं की एका गोळीवर भागतंय."

हे ऐकूनही मी त्यांना पट्ट्या पुरवतच राहिलो. माझी सगळ्यात मोठी पेटी त्या घरात होती आणि शिवाय अप्पांचा मला लळा लागला होता. दोन्ही खरं आहे.

श्रावणातल्या एका दुपारी काकू झोपल्या नव्हत्या. अप्पा बाहेर गेले होते, मी पेटीची काच घासत होतो. त्या भिंतीला हात लावत लावत आल्या आणि खुर्चीत बसल्या. "लेकरा, तू तर बाहेरचा माणूस. तुला काय पडलंय खोटं बोलायचं? मला खरं सांग. पाणी सरळ हाय का?"

आदल्या दिवशी आम्ही चार पट्ट्या घातल्या होत्या. पाणी दोन्ही टोकांना तीन बोटं होतं. मी म्हणालो, "सरळ आहे, काकू."

शब्दाला शब्द खरं होतं ते. काकूंनी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग मान हलवली आणि पदरानं डोळे टिपले. त्यानंतर त्यांनी सकाळचं सांगणं बंद केलं. अप्पांना वाटलं, गुण आला. मला ठाऊक होतं की त्यांना अजून सगळं लागतंय, कारण भिंतीवरचा हात सुटला नव्हता. त्या भिंतीला त्यांच्या तळहाताच्या उंचीवर एक मळकट पट्टा उमटला होता.

दिवाळीला पुण्याहून त्यांचा मुलगा आला. चांगला मुलगा, आईवर जीव असलेला. त्यानं आईला भिंतीला धरून चालताना पाहिलं. त्या दिवशी मी फराळाला गेलो होतो. तो पेटीजवळ उभा राहिला, मोबाइलमधली पाणसळ फरशीवर न ठेवता पेटीच्या काठावर ठेवली. अप्पांनी पहाटेच पट्ट्या बदललेल्या होत्या.

"आई, इकडं बघ," मुलगा मऊ आवाजात म्हणाला. "शून्य दाखवतंय. पाणी बघ. अप्पांनी तुझ्यासाठी एवढं केलं. आता तरी तुला पटतंय ना?"

काकूंनी पाण्याकडं बघितलं, मुलाकडं बघितलं, मग अप्पांकडं. अप्पा माशांना खाद्य टाकत होते. मला वाटलं, आता बोलतील. आता बोलतील. त्यांनी चिमटीतलं खाद्य संपल्यावर परत चिमूट भरली.

"मग मीच वाकडी झाले," काकू म्हणाल्या.

चार दिवसांनी मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांचा काही दोष नाही. घर सरळ आहे, बाईला कललेलं लागतं, असं त्यांना सांगितलं गेलं आणि त्यावर जे औषध द्यायचं ते त्यांनी दिलं.

मी मधले तीन महिने अप्पांकडं गेलो नाही. लाज वाटायची. मग महाशिवरात्रीच्या आठ दिवस आधी त्यांचा फोन आला. दुपारी गेलो. बेल वाजवू की नको म्हणून थांबलो आणि लक्षात आलं, आता घरात झोपलेलं कुणी नाही. अप्पांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, कपाळाला भस्म नाही, खिशात पाणसळ नाही. एक हात दाराच्या चौकटीला. मला वाटलं, खाणंपिणं नीट नसेल.

हॉलमध्ये शिरलो आणि निळा पडदा काढून ठेवलेला दिसला. देवघराकडच्या पायांखाली पट्ट्यांची चवड उभी होती. अकरा. हिवाळा सरता सरता जमीन परत देवघराकडं खचली होती, आणि दर खेपेला आधीच्यापेक्षा जास्त. फरशीच्या सांध्यातून देवघराच्या कोपऱ्यापर्यंत एक भेग गेली होती. मी तिच्यावर वाकलो तर खालून थंड हवा नाकाला लागली, ओल्या दगडाच्या वासाची. लातुरात, फेब्रुवारीत, कोरड्या पडलेल्या आडातून.

"सगळ्या पट्ट्या काढ," अप्पा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी मला अरे-तुरे केलं. "तिला आणून राहिलो. तिला वाकडं दिसलं पाहिजे."

"काच ताण घेईल, अप्पा. फुटेल."

"चार दिवस टिकली तरी बास हाय."

आम्ही पेटी रिकामी केली, पट्ट्या काढल्या, परत भरली. पाणी चढत गेलं तसं ते एका बाजूला जात राहिलं. शेवटी दाराकडं काठाखाली चार बोटं आणि देवघराकडं दोन. सहा फुटांच्या काचेवर ती तिरपी रेघ अशी दिसायची की बघणाऱ्याचीच मान आपोआप कलायची. मी एवढी वर्षं पेट्या बसवतोय, मुद्दाम वाकडी बसवलेली ती एकच.

अप्पा स्वतः पुण्याला गेले आणि काकूंना घेऊन आले. मला म्हणाले होते, तू थांब, साक्षीला. मी थांबलो. रिक्षातून काकू उतरल्या. अंगानं भरल्या होत्या, चेहरा शांत, केस नीट विंचरलेले. पायऱ्या चढल्या, हॉल ओलांडला आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या. भिंतीला हात लावला नाही. तिरक्या फरशीवरून त्या सरळ चालत गेल्या आणि मला, धडधाकट माणसाला, त्यांच्यामागून चालताना तोल सांभाळावा लागला.

अप्पा त्यांच्यासमोर उभे राहिले. "अगं, पाणी बघ."

काकूंनी बघितलं. "मासे मोठे झाले की."

"मासे सोड. पाणी बघ. वाकडं हाय. तू सांगत होतीस ते सगळं खरं होतं. देवघराखालचा आड बसून राहिलाय. मी तुला फसवलं. तू निजलीस की मी खालून पट्ट्या घालत होतो." आणि त्यांनी त्या अकरा पट्ट्या, गंजलेल्या, एक एक करून काकूंच्या ओटीत टाकल्या.

काकूंनी त्या हातात घेऊन उलटसुलट केल्या. "असूं द्या. तवा मला बरं नव्हतं."

"तू बरी होतीस!" अप्पा ओरडले. काकूंवर त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

मी पुढं झालो. "काकू, अप्पा खरं सांगतायत. घर कललंय. तुम्हाला बरोबर कळत होतं, अगदी सुतापर्यंत. मी मोजलंय."

काकू माझ्याकडं बघून हसल्या, समजूत काढावी तसं. "लेकरा, तूच म्हणाला होतास की, सरळ हाय म्हणून."

अप्पांनी पेटीच्या काठाला धरलं. आधी मला वाटलं, रागानं धरलंय. मग बघितलं तर सगळं अंग देवघराच्या उलट्या बाजूला ताणून ते उभे होते, चालत्या ट्रकच्या हौद्यात उभं राहावं तसे.

"मला लागून राहिलंय, अगं," ते म्हणाले. "तू गेलीस त्या दिवसापासून. निजलं तरी, बसलं तरी. आत्ता बी लागून राहिलंय. बारा सूत, तिकडं. पोराला सांगितलं तर पोरगा म्हणला, अप्पा, तुम्हाला बी दाखवून आणू. तुझ्याशिवाय कुणाला सांगू मी?"

काकू उठल्या. पट्ट्या खाली फरशीवर ठेवल्या, सरळ पावलं टाकत अप्पांजवळ गेल्या, त्यांचा हात काठावरून सोडवला आणि त्यांना आपल्या जागी बसवलं. पदरानं त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. मग पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं, एक गोळी नखानं मोडली आणि निम्मी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"अर्धीच घ्या," त्या मायेनं म्हणाल्या. "मला लई फरक पडला."